जाहिरातीतला वेग आणि रात्री नऊचा वेग

गेल्या अंकात राउटर घरात कुठे ठेवावा यावर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत राउटर बाजूलाच राहिला आणि एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत आला: ज्या वेगाचे पैसे भरतो तो वेग घरात येतो का? माझी उभी नोकरी टेलिफोन खात्यात गेली, आधी एक्स्चेंजमध्ये आणि पुढे ब्रॉडबँडच्या कामावर. त्यामुळे तक्रार करणाऱ्याची बाजू जशी ठाऊक आहे तशी तक्रार घेणाऱ्याचीही. या वेळचं सदर या पत्रांनाच दिलं आहे. पत्रं लांब होती, गाभा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : आमचा २०० एमबीपीएसचा प्लॅन आहे. दुपारी नेट उत्तम चालतं. रात्री जेवणं आटोपली की मुलीची ऑफिसची मीटिंग सुरू होते, तिची टीम अमेरिकेत आहे, आणि नेमकी तेव्हाच चित्रं गोठतात, आवाज तुटतो. गंमत अशी की शेजारच्या खोलीत यूट्यूब बिनदिक्कत चालू असतं. तक्रार केली की माणूस येतो, आपल्या मोबाइलवर स्पीड टेस्ट लावून २०५ दाखवतो आणि जातो. आम्हाला फसवतात का? (निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली)

उत्तर : त्या माणसाने दाखवलेला आकडा खरा आहे आणि तुमची तक्रारही खरी आहे. स्पीड टेस्टचं बटण दाबलं की ॲप जवळचा सर्व्हर शोधतं, आणि असे सर्व्हर पुष्कळ कंपन्यांनी स्वतःच्याच जाळ्यात बसवलेले असतात. म्हणजे ते २०५ तुमच्या घरापासून कंपनीच्या दारापर्यंतचे. मुलीची मीटिंग त्या दाराच्या बाहेर पडते, दुसऱ्या कंपन्यांच्या जाळ्यांतून जाते, मग समुद्राखालच्या केबलने देशाबाहेर. तो प्रवास त्या टेस्टने मोजलेलाच नाही. यूट्यूब चालतं याचं कारणही हेच. लोकप्रिय व्हिडिओंचा साठा ठेवणारी यंत्रं अशा मोठ्या सेवा थेट इंटरनेट कंपन्यांच्या जाळ्यात नेऊन ठेवतात. तुमचं गाणं जवळून येतं, मुलीची मीटिंग लांबून.

आता रात्रीचंच का, ते सांगते. घरगुती फायबर बहुतेक ठिकाणी जीपॉन पद्धतीचं असतं. एका फायबरवर साधारण २,४८८ एमबीपीएस उतरतात आणि खांबावरच्या किंवा जिन्यातल्या स्प्लिटरमधून ते ३२ किंवा ६४ घरांना वाटले जातात. ६४ घरांना प्रत्येकी २०० विकले तर कागदावर १२,८०० विकले गेले. सगळ्यांनी एकाच क्षणी जोर लावला तर प्रत्येकाच्या वाट्याला ३९च्या आसपास येतील. हे वाचून लगेच रागावू नका. फोर-के सिनेमाला १५ एमबीपीएस पुरतात. चौसष्टच्या चौसष्ट घरांनी एकदम सिनेमा लावला तरी बेरीज हजाराच्या आतच राहते. दहा मजल्यांना दोन लिफ्ट पुरतात तसंच हे, आणि म्हणूनच हे दर आपल्याला परवडतात. वाटून देण्यात काही गैर नाही.

गैर पुढे होतं. परिसरातली सगळी फायबर जिथे एकत्र येतात तिथून बाहेर जाणारी जोडणी किती रुंद आहे, हे ग्राहकाला सहसा सांगितलं जात नाही. समजा एखाद्या स्थानिक चालकाने वरच्या कंपनीकडून १,००० एमबीपीएस घेतले आणि ५०० घरांना २००चा प्लॅन विकला. म्हणजे विकलेला वेग घेतलेल्या वेगाच्या शंभरपट झाला. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २००९ साली घरगुती ब्रॉडबँडसाठी एकास पन्नास आणि व्यवसायासाठी एकास तीस असं प्रमाण सांगितलं होतं. ग्राहक दर महिन्याला वाढतात, बाहेरची जोडणी रुंद करायला मात्र पैसे लागतात, आणि ते काम पुढे ढकललं जातं. दुपारी कुणाला कळत नाही. रात्री नऊला सगळी घरं जागी असतात आणि तेव्हा कळतं.

नियम काय सांगतो? ट्रायच्या २००६च्या नियमावलीत दोन गोष्टी स्पष्ट होत्या. एक, ग्राहकाने घेतलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून जास्त वेग कंपनीच्या नोडपासून (तिच्या जाळ्यातल्या केंद्रापासून) ग्राहकापर्यंत मिळाला पाहिजे. दुसरी, गर्दीच्या तासात कंपनीच्या पुढच्या जोडण्या ८० टक्क्यांच्या आतच भरलेल्या असाव्यात, आणि एखादी ९० टक्क्यांच्या वर गेली तर तिथे कोंडी आहे असं धरायचं. १ ऑक्टोबर २०२४पासून नवी एकत्रित नियमावली आली. तिच्यात विलंब आणि वाटेत गळणाऱ्या पॅकेटांचीही (माहितीच्या तुकड्यांचीही) मोजणी आहे, आणि मीटिंगसाठी तीच जास्त महत्त्वाची. तरी जुना ८० टक्क्यांचा आकडा मी आजही मोजपट्टी म्हणून वापरते. तुमच्या २००ला १६०.

तुम्ही पत्रासोबत जाहिरातीचं कात्रण पाठवलंत त्यात '२०० एमबीपीएसपर्यंत' असं आहे. त्याविषयी मनात आहे ते स्पष्टच लिहिते. तांब्याच्या तारेच्या काळात 'पर्यंत' लिहिणं प्रामाणिक होतं. एक्स्चेंजपासून घर तीन-चार किलोमीटरवर असलं, मध्ये दोन-चार जुने जोड असले, पावसात केबलमध्ये पाणी शिरलं, की वेग खाली यायचा, आणि जोडणी दिल्याशिवाय तो किती येईल हे आम्हालाही सांगता यायचं नाही. फायबरला ही सबब लागू नाही. जीपॉनमध्ये वीस किलोमीटरपर्यंतच्या घराला अंतरामुळे वेग कमी मिळत नाही. रात्री वेग पडतो तो निसर्गामुळे पडत नाही. कुणीतरी जोडणी अरुंद ठेवायचं ठरवलेलं असतं म्हणून पडतो. असं असताना जाहिरातीत जुनाच शब्द ठेवून सुटका करून घेणं मला पटत नाही.

ब्रिटनमध्येही हाच घोळ होता. दहा टक्के ग्राहकांना मिळणारा वेगसुद्धा 'पर्यंत' लिहून छापता यायचा. २३ मे २०१८पासून तिथल्या जाहिरात नियामकाने हे बंद केलं. आता रात्री ८ ते १० या वेळात किमान निम्म्या ग्राहकांना मिळतो तोच सरासरी वेग जाहिरातीत छापावा लागतो. आपल्याकडेही हेच व्हायला हवं. गर्दीच्या वेळी आपल्या जोडण्या किती भरतात हे कंपन्या मोजतातच. रात्री नऊचा वेग छापणं त्यांना अशक्य नाही.

तोवर तुम्ही मोजा. लॅपटॉप वायरने राउटरला जोडा, घरातले मोबाइल आणि टीव्ही नेटवरून काढा. टेस्ट दोनदा लावा: एकदा ॲपने निवडलेल्या सर्व्हरवर, दुसऱ्यांदा 'सर्व्हर बदला' वर जाऊन दुसऱ्या कंपनीचा, शक्यतो दुसऱ्या शहरातला सर्व्हर निवडून. सकाळी आणि रात्री नऊ ते दहाच्या मध्ये, आठवडाभर. डाउनलोडबरोबर अपलोड आणि पिंगही (सर्व्हरकडून उत्तर परत यायला लागणारा वेळ) लिहा. रात्री कंपनीच्या सर्व्हरवर वेग चांगला आणि बाहेरच्यावर पडलेला असेल तर बाहेरची जोडणी अपुरी आहे. दोन्हींवर पडत असेल तर तुमच्या परिसरातलीच अपुरी. सकाळ-रात्र सारखाच कमी असेल तर दोष तुमच्या लाइनमध्ये किंवा घरात. पुढच्या वेळी माणूस आला की त्याला दुपारी बोलावू नका. रात्री नऊला बोलवा, आणि दुसरा सर्व्हर तुम्ही निवडा.

प्रश्न : १०० एमबीपीएसचे पैसे भरते, पण फाइल उतरवताना कॉम्प्युटर ११ किंवा १२ दाखवतो. दहावा हिस्सा? (विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : तुम्हाला पूर्ण वेग मिळतोय. कंपनी मेगाबिट मोजते, कॉम्प्युटर मेगाबाइट दाखवतो, आणि आठ बिट म्हणजे एक बाइट. १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा. त्यातला थोडा भाग माहितीवर चिकटवलेल्या पत्त्यांना आणि तपासणीला जातो. ११-१२ म्हणजे जोडणी छान आहे. इंग्रजीत मोठा बी बाइटचा आणि छोटा बी बिटचा, एवढं पाहिलंत की पुरे.

प्रश्न : तीन महिन्यांपूर्वी १००चा प्लॅन बदलून ३००चा घेतला. वायर लावून मोजलं तरी ९४-९५च्या वर जात नाही. कधी ९३, कधी ९५. कंपनी म्हणते, आमच्याकडून ३०० सोडलेत. (सोसायटीचे सचिव, सिंहगड रोड, पुणे)

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला बरं वाटलं, कारण याचं कारण सापडतं आणि दुरुस्तही होतं. वेग रोज वर-खाली होत असता तर वाटणीचा संशय घेतला असता. ९४ला येऊन ठाम थांबणारा वेग म्हणजे वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचं बंदर (पोर्ट, म्हणजे केबल खोचायची खाच) आहे. शंभराच्या बंदरातून वरखर्च जाऊन ९४-९५च बाहेर पडतात. पुढे ३०० सोडा नाहीतर १,००० सोडा, उपयोग नाही.

आधी घरात पाहा. राउटर १००च्या प्लॅनच्या वेळचाच आहे का? स्वस्त राउटरचा वायफाय वेगवान असला तरी मागची बंदरं शंभराची असू शकतात. खोक्यावर 'गिगाबिट' (म्हणजे १,००० एमबीपीएस) लिहिलेलं असावं लागतं. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जोडणीचा वेग १०० दिसतो की १,०००, तेही पाहा. पण तो फक्त लॅपटॉप ते राउटर एवढाच टप्पा दाखवतो. राउटरच्या पलीकडे काय आहे ते पाहायला जिन्यातली पेटी उघडावी लागते.

मागे नाशिकमध्ये ओळखीच्यांच्या सोसायटीत हीच तक्रार होती म्हणून मी ती पेटी उघडायला लावली. आत धूळ, दोरीने बांधलेला अडॅप्टर आणि हात लावला तर चटका बसेल असा आठ बंदरांचा छोटा नेटवर्क स्विच (एक जोडणी अनेक घरांना वाटणारं यंत्र), सगळी बंदरं शंभराची. फायबर त्या पेटीपर्यंत येऊन थांबलं होतं. तिथून घराघरांत साधी लॅन केबल. आणि एका केबलचा प्लग उलटा करून पाहिला तर आठांपैकी चारच तारा आत गेलेल्या. उरलेल्या चार कापून शेजारच्या फ्लॅटच्या प्लगमध्ये घातल्या होत्या. एका केबलमध्ये दोन घरं. शंभराच्या वेगाला चार तारा पुरतात म्हणून हे खपून जातं. गिगाबिटला आठही लागतात. त्या इमारतीत पावत्यांवर 'फायबर' छापलेलं होतं, आणि दोन घरं ३००चे पैसे भरत होती. पेटी ज्याने बसवली त्याला हे माहीत होतं, विकणाऱ्यालाही माहीत असायला हवं होतं. मला याचा फार राग आला.

तुम्ही सचिव आहात, पेटीची चावी तुमच्याकडे असेल किंवा मागता येईल. स्विचवर १०/१०० लिहिलंय की १०/१००/१०००, ते वाचा. प्लगच्या पारदर्शक टोकातून तारा मोजा. मग दोन मागण्या लेखी करा: गिगाबिट स्विच आणि प्रत्येक घराला स्वतंत्र आठ तारांची केबल, किंवा त्याहून चांगलं म्हणजे फायबर थेट फ्लॅटमध्ये. आणि गेल्या तीन महिन्यांत दोन्ही प्लॅनमधला जो फरक भरलात तो परत मागा. ३०० त्या वाटेने पोचणं शक्यच नव्हतं.

प्रश्न : द्राक्षाच्या शेडवर आणि दुकानात मिळून चार कॅमेरे आहेत, रेकॉर्डिंग नेटवर जमा होतं. महिन्याच्या पहिल्या काही दिवसांत नेट पळतं, नंतर रांगतं. प्लॅन 'अनलिमिटेड' आहे. (शेतकरी, निफाड तालुका)

उत्तर : तुमचे कॅमेरेच मर्यादा संपवत आहेत. 'अनलिमिटेड' प्लॅनलाही वापराची मर्यादा असते. ती ओलांडली की नेट बंद होत नाही, वेग उतरवला जातो. काही मोठ्या कंपन्यांकडे ती महिन्याला ३,३०० जीबी आहे, स्थानिक स्वस्त प्लॅनमध्ये बरीच कमी असते. आता हिशेब करा. एक कॅमेरा सतत २ एमबीपीएस पाठवत असेल तर दिवसाला २१.६ जीबी, महिन्याला ६४८. चार कॅमेऱ्यांचे जवळजवळ २,६००. अनेक ठिकाणी पाठवलेलं आणि उतरवलेलं दोन्ही मोजतात.

मर्यादा किती, तोवर वेग किती आणि नंतर किती, हे तिन्ही आकडे कंपनीने जाहिरातीत आणि संकेतस्थळावर छापलेच पाहिजेत असा ट्रायचा २०१६चा निर्देश आहे. तुमच्या पावतीवर ते नसतील तर मागा. कॅमेऱ्यांत मेमरी कार्ड घाला किंवा शेडवर रेकॉर्डर बसवा, आणि हालचाल झाली तेवढंच नेटवर जाईल अशी सेटिंग करा. वेग बहुतेक महिनाभर टिकेल. प्लॅन घेताना अपलोडचा वेग वेगळा विचारा. जाहिरातीतला मोठा आकडा पुष्कळदा फक्त डाउनलोडचा असतो आणि तुमचं काम सगळं अपलोडचं आहे.

प्रश्न : गावात एकच नेटवाला आहे. व्हॉट्सॲपवर तक्रार केली की 'बघतो मॅडम' एवढंच येतं. मी ट्रायला ईमेल केली, उत्तर आलं नाही. ऑनलाइन शिकवण्या घेते, नुकसान होतं. कोणाकडे जायचं? (शिक्षिका, जत, जि. सांगली)

उत्तर : ट्राय नियम करते, एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारी सोडवत नाही. पुष्कळ लोक तिथे लिहून वाट पाहत राहतात. व्हॉट्सॲपवरच्या 'बघतो'लाही अर्थ नाही, त्याला तक्रार क्रमांक नसतो.

तुमचा नेटवाला बहुतेक एखाद्या परवानाधारक कंपनीचा भागीदार असेल. पावतीवर त्या कंपनीचं नाव शोधा आणि तिच्या तक्रार केंद्रात फोन करून किंवा संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. २०१२च्या तक्रार निवारण नियमावलीप्रमाणे त्यांना क्रमांक द्यावा लागतो. तोडगा निघाला नाही किंवा पटला नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे अपील करा. मुदत ३० दिवसांची आहे, त्यामुळे रेंगाळू नका. त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. पावतीवर कंपनीचं नावच नसेल तर पहिली लेखी मागणी तीच करा: परवाना कोणाचा आहे ते सांगा.

मधल्या काळात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. त्यांच्याकडून कंपनीला विचारणा गेली की पुष्कळदा तेवढ्यावरच काम होतं. नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक न्यायालयात चालत नाहीत असं अजूनही कुणी सांगेल. १६ फेब्रुवारी २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने त्या चालतात असा निर्णय दिला आहे. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दावा करता येतो, घटनेपासून दोन वर्षांच्या आत, आणि भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्याने फी लागत नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येतो. वकील लागतोच असं नाही.

पुरावा म्हणून डोंबिवलीच्या वाचकांना सांगितलेल्या पद्धतीने आठवड्याच्या नोंदी करा, प्रत्येक टेस्टचा तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट ठेवा, पावत्या आणि जाहिरातीचा फोटो जोडा. 'नेट फार स्लो आहे' असं अर्जात लिहू नका. 'रात्री ८ ते १० मध्ये वायरवर इतका वेग मिळाला, प्लॅन इतक्याचा आहे' असं लिहा. शिकवणी बुडाली त्या दिवसांच्या तारखा द्या. दुसरा नेटवाला गावात नसला तरी याच नोंदींवर कमी दराच्या प्लॅनची आणि फरकाच्या परताव्याची मागणी करता येते. १००चे पैसे भरून रात्री ३५ मिळत असतील तर तोवर ४०चा प्लॅन मागा, तुमच्या शिकवणीला तो पुरेल. अर्जाचा मसुदा मला मासिकाच्या पत्त्यावर पाठवलात तर वाचून दुरुस्त्या करून देईन.